ताडोबात ऐकायचं, सेरेंगेटीत बघायचं

रानवाटा

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत टांझानियाला जाऊन आले. प्रवासवर्णन लिहिणार नाही, कारण त्याचे भाग पडतात आणि दुसऱ्या भागानंतर मी गायब होते हा इथला इतिहास आहे. (काश्मीरच्या धाग्यावर अजून 'पुभाप्र', म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत, म्हणून बसलेल्यांनो, माफ करा.) पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, ती मांडते. जाऊन आलेल्यांनी, जाणाऱ्यांनी आणि 'काय ठेवलंय तिथे' म्हणणाऱ्यांनीही बोला.

मी चंद्रपूरची. ताडोबा म्हणजे माहेरचं परसदार. मोहर्ली गेटवर पहाटे कुडकुडत उभं राहण्यात पंचवीस वर्षं गेली. वाघ बरेच पाहिले, पण वाघाने केलेली शिकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही पाहिली नाही. आपल्या जंगलात वाघ आधी कानाला लागतो. चितळ ओरडतं, वर वानर खाकरतं, जिप्सीवाला इंजिन बंद करतो. चितळाचं काय, ते पानालाही घाबरतं. पण सांबराने 'पोंक' केलं की गाडीतले सगळे ताठ. मग बांबूत काहीतरी पिवळं हलतं, रस्ता ओलांडतं, पलीकडे जातं. चाळीस सेकंद. पुढचं मागचं सगळं आपण मनाने रचायचं.

न्डुटूला पहिला दिवस मला सुधरेना. न्डुटू म्हणजे सेरेंगेटी या टांझानियातल्या अफाट गवताळ मैदानाच्या दक्षिणेचा, न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येणारा भाग. तळ्याकाठची बाभळींची पट्टी सोडली तर झाड नाही. घोट्याएवढं गवत आणि क्षितिजापर्यंत विल्डबीस्ट, म्हणजे तिकडची गुरांसारखी दिसणारी मोठी हरणं. मी सवयीने कान टवकारून बसलेली, आणि ऐकू काय येतंय तर हजारो जनावरांचं 'ग्न्यूं ग्न्यूं'. आमचे गाईड पन्नाशी ओलांडलेले, त्यांना सगळे 'म्झे' म्हणायचे, म्हणजे वडीलधारे. ते हसून म्हणाले, इथे कान मिटा, दुर्बीण काढा.

झाडं का नाहीत तेही त्यांनीच सांगितलं. पूर्वेच्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षं या मैदानावर पडली. तिचा जमिनीखाली कठीण थर झाला, झाडाचं मूळ तो फोडू शकत नाही, गवताचं मूळ वरच्या वीतभर मातीत भागवून घेतं. त्या राखेमुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणून पावसाळ्यात विल्डबीस्टच्या माद्या विण्यासाठी इथेच येतात. बहुतेक सगळ्या दोन-तीन आठवड्यांत वितात. एक आमच्या गाडीपासून पन्नास पावलांवर व्याली. वासरू पडलं, धडपडलं, पुन्हा पडलं. सासूबाई घड्याळ लावून बसल्या होत्या: सातव्या मिनिटाला उभं. आईची वार अजून लोंबत होती आणि दोन कोल्हे तिच्यावर डोळा ठेवून मागे बसलेले.

तर ती गोष्ट. तिसऱ्या दिवशी सकाळी एक चित्तीण दिसली, तीन पिल्लांची. वारुळाच्या उंचवट्यावर बसलेली. आम्ही दूर थांबलो. पहिला पाऊण तास काहीही झालं नाही. मग दूरवर गॅझेलांचा एक कळप चरत आला (आपल्या चिंकाऱ्याची मावसभावंडं समजा). ती उठली, खाली वाकून चालू लागली, पिल्लं जागच्या जागी बसली. कुणी सांगितलं त्यांना? मला तरी काही ऐकू आलं नाही. अर्ध्या वाटेवर एका गॅझेलने मान वर केली आणि संपलं. ती सरळ उभी राहिली, जणू फिरायलाच निघाली होती. तासाभराने दुसरा प्रयत्न, या वेळी वाऱ्याच्या खालच्या बाजूने. धाव मोजून पंधरा सेकंद असेल. धूळ उडाली, धूळ बसली, तिच्या तोंडात गळा.

आणि मग ती खाईचना. धापा टाकत बसली. पोट भात्यासारखं वरखाली. पिल्लं आली, चाटू लागली. पंधरा मिनिटं गेली असतील, तेवढ्यात डावीकडून एक तरस आलं. पळत नाही, डुलत डुलत, बाजाराला निघाल्यासारखं. तिने एकदा दात दाखवले आणि बाजूला झाली. तरसाने गॅझेल उचललं आणि निघून गेलं. साडेतीन तासांची मेहनत.

सासूबाई (वय ७१, गुडघ्याला पट्टा) म्हणाल्या, "काठी असती तर हाणली असती मेल्याला." म्झेंना मी भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, आजींना सांगा, ती तरसाची मादी आहे, दूध भरलेलं आहे, बिळात तिचीही पोरं असणार.

मला जे सांगायचंय ते एवढंच. ताडोबात वाघ दिसतो. तिथे जनावर बघत बसता येतं, गोष्टीच्या मधल्या कंटाळवाण्या भागासकट. माझ्यापुरतं सफारीचं सगळं आकर्षण त्या पाऊण तासात आहे ज्यात काही झालं नाही. तुमचं?

तिरफळ

कसलं लिहिलंयस! ते 'बाजाराला निघाल्यासारखं' डोळ्यासमोर आलं. आता मुद्द्याचं: खर्च किती? आणि सासूबाईंना झेपलं?

खडूस_काका

लेख बरा आहे. पण त्या खर्चात ताडोबाच्या किती सफाऱ्या होतील याचा हिशेब कुणीतरी मांडा. आणि आपले लोक तिथे जाऊन करतात काय तर 'बिग फाइव्ह' झाले का म्हणून खुणा. माझ्या मेहुण्याने परत आल्यावर चार झाले, गेंडा राहिला म्हणून आठवडाभर तोंड पाडलं होतं. या पाचांची यादी शिकाऱ्यांनी केलेली आहे, हे त्याला माहीत नव्हतं. पायी शिकार करायला सर्वात धोक्याचे म्हणून सिंह, बिबट्या, हत्ती, रानरेडा, गेंडा. बघायला सुंदर म्हणून नव्हे. नाहीतर रानरेड्याचा नंबर लागला असता का? आणि जिराफ यादीत नाही!

रानवाटा

@तिरफळ, माणशी साडेतीन लाखांच्या आसपास गेले, विमानासकट, आठ दिवस. स्वस्त नाही हे मान्य. तीनच माणसं होतो म्हणून गाडीचं भाडं अंगावर आलं. सहा जण असाल तर बरंच कमी पडतं, पण मग खिडकीसाठी भांडणं.

सासूबाईंना आमच्यापेक्षा जास्त झेपलं. गाडीत उभं राहून बघायला छत वर होतं, पण त्या बसूनच राहिल्या. रस्ते मात्र हाडं खिळखिळी करणारे. तिथले गाईड त्याला 'आफ्रिकन मसाज' म्हणतात, आणि हा विनोद आठ दिवसांत अकरा वेळा होतो.

@खडूस_काका, रानरेड्याबद्दल असं बोलू नका. त्याच्या कपाळावरच्या त्या शिंगांचा भांग बघितलात तर शाळेतले हेडमास्तर आठवतील.

नैरोबीकर

नैरोबीत अकरा वर्षं झाली, त्यामुळे पाहुणे आणि मसाई मारा (सेरेंगेटीला लागूनचं, केनियाच्या हद्दीतलं अभयारण्य) हे समीकरण पाठ आहे. प्रत्येकाला स्थलांतरात नदी ओलांडणारे विल्डबीस्ट हवे असतात. टीव्हीवर बघितलेलं असतं ना.

आता खरं सांगतो. गेल्या ऑगस्टमध्ये मेहुणा-मेहुणीला घेऊन मारा नदीवर सव्वापाच तास बसलो. पलीकडच्या काठावर हजारो जनावरं जमलेली. पुढचं एक पाण्यात पाय घालणार, तेवढ्यात आमच्या बाजूच्या सात-आठ गाड्या जागेसाठी पुढे घुसल्या. अख्खा कळप वळला आणि टेकडीमागे. गाड्या मी मोजल्या, त्रेसष्ट. नियम आहेत, एका प्राण्याभोवती पाचच गाड्या वगैरे, पण ऑगस्टमध्ये नदीवर नियम आधी वाहून जातात. आमच्या टूरवाल्याने (नाव घेत नाही) 'क्रॉसिंग गॅरंटीड' असं छापील पत्रकात लिहिलं होतं. विल्डबीस्टशी करार केला होता बहुतेक.

आणि लोकांना वाटतं मगरी सगळ्यांना खातात. मगरी खातात त्याच्या कितीतरी पट बुडून, चेंगरून मरतात. मारा नदीवर २००१ ते २०१५ च्या नोंदी काढून केलेला अभ्यास २०१७ साली आला, त्यात वर्षाला सरासरी ६,२५० जनावरं बुडतात असं निघालं. मांस काही आठवड्यांत मासे, गिधाडं, मरबू करकोचे संपवतात, पण हाडं विरघळायला सात वर्षं लागतात आणि तोवर त्यातला फॉस्फरस नदीला मिळत राहतो. म्हणजे रानवाटा म्हणते ती राखेतली द्रव्यं गवतातून जनावरात आणि जनावरातून नदीत. हे मला क्रॉसिंगपेक्षा भारी वाटलं, पण ते पाहुण्यांना दाखवता येत नाही. दिसतो तो फक्त वास.

पैशांचं: २०२४ पासून मारामध्ये परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर प्रवेशशुल्क आहे. तेवढ्यासाठी तरी फेब्रुवारी-मार्चचा विचार करा. विल्डबीस्ट नसतील, सिंह कुठे जात नाहीत.

आणि ज्यांना नैरोबीत एकच दिवस मिळतो त्यांनी नैरोबी नॅशनल पार्क सोडू नका. १९४६ चं, ११७ चौरस किलोमीटर. शहर एका बाजूला चिकटलेलं. सिंहामागे उंच इमारती आणि डोक्यावरून खांबांवरची रेल्वे. गेंडा इथे हमखास दिसतो. (खडूस काकांच्या मेहुण्याला कळवा.) तिथेच १९८९ साली केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी १२ टन हस्तिदंत जाळलं, ती राख अजून ठेवली आहे. २०१६ साली त्याच पार्कात १०५ टन जाळलं.

तिरफळ

सव्वापाच तास??? मी बसस्टॉपवर पंधरा मिनिटांत रिक्षा करते.

करवीर_काठ

चित्त्याचा विषय निघालाय तर आमच्या कोल्हापूरचं नाव आल्याशिवाय धागा पुढं जाऊ देणार नाही!

संस्थानाच्या काळात आमच्याकडं चित्ते पाळायचे. खेळ म्हणून नव्हे, काळविटाच्या शिकारीला. डोळ्यावर टोपडं घालून बैलगाडीवर बसवून माळावर न्यायचं, कळप दिसला की टोपडं काढायचं. ते शिकवणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करायची. पण गंमत अशी की चित्ता पिंजऱ्यात सहसा वीत नाही. मोगलांनी शेकड्यांनी पाळले, तिथं पिल्लं झाल्याची नोंद एकच, जहांगीराच्या वेळची. म्हणजे दरवेळी रानातनंच पकडून आणायचा. आणून आणून इथलं रान रिकामं झालं. मग कोल्हापूर, भावनगर अशा संस्थानांनी विसाव्या शतकात आफ्रिकेतनं चित्ते मागवले. तेव्हा २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातनं कुनोला आठ आले तेव्हा आजोबा म्हणाले, "यात नवीन काय? आमच्याकडं बोटीनं यायचे."

इथला चित्ता १९५२ ला अधिकृतपणे संपला म्हणून जाहीर झालं. आणि अजून आमच्या पेपरात 'उसाच्या फडात चित्ता घुसला' अशी बातमी येते. अरे बाबांनो, तो बिबट्या! चित्त्याच्या डोळ्यापासनं तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ असते आणि ठिपके भरीव. बिबट्याचे ठिपके पोकळ, फुलासारखे. नाद खुळा, पण जनावर तरी नीट ओळखा.

अर्धवट

अवांतर: स्वाहिलीत सिंहाला 'सिंबा' म्हणतात, म्हणजे आपला सिंहच गेला ना तिकडे?

नैरोबीकर

नाही हो. तो बांटू शब्द आहे, संस्कृताशी संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण बाकी शब्द ऐकून कान चाट पडतात. गाडीला गारी, दुकानाला दुका, रंगाला रंगी, जगाला दुनिया, चहाला चाय, आंब्याला एंबे, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबारी. झेब्र्याला पुंडा मिलिया, म्हणजे पट्टेवालं गाढव, आणि याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. सफारी म्हणजे नुसता प्रवास. माझी कामवाली बाई गावी निघाली की 'सफारीला चालले' म्हणते. तिने आजवर सिंह बघितलेला नाही, बघायची इच्छाही नाही.

पशुवैद्य_अण्णा

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो, आफ्रिकेत कधी गेलेलो नाही. पण रानवाटाताईंच्या लेखातील त्या कळपांमागे आमच्या धंद्यातली एक गोष्ट आहे, ती इथे कुणीच सांगत नाही म्हणून टंकतो. लांबेल, सांभाळून घ्या.

जुन्या लोकांना बुळकांडी आठवत असेल. ताप, तोंडात फोड, मग घाण वासाची हगवण आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. एका गोठ्यात शिरली की गाव रिकामं करायची. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला खांद्याला बर्फाचा डबा अडकवून वाड्या-वस्त्यांवर लस टोचत फिरायचो. शेतकरी जनावर लपवायचे, लशीने दूध आटतं म्हणून.

हीच बुळकांडी १८८७ च्या सुमारास आफ्रिकेच्या शिंगाच्या, म्हणजे ईशान्य टोकाच्या बाजूला, इटलीच्या फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर उतरली असं मानतात. दहा वर्षांत थेट दक्षिण टोकाला पोहोचली. तिथल्या गुरांना हा रोग नवा, अंगात प्रतिकार शून्य. दहातली आठ-नऊ गुरं गेली. मसाईंचं, म्हणजे तिथल्या गुराखी लोकांचं, तर सगळं गुरांवर, त्यामुळे गुरांमागून माणसं गेली, उपासमारीनं आणि देवीनं. रानातले विल्डबीस्ट, रानरेडेही त्याच रोगाने मेले. चरायला कोणी उरलं नाही म्हणून गवताची झुडपं झाली, झुडपांत त्सेत्से माशी वाढली, ती चावून माणसांत निद्रारोग पसरवते. त्यानंतर आलेल्या गोऱ्या लोकांनी ते ओसाड रान पाहिलं आणि समजले की हे असंच, माणसांवाचून, पूर्वापार आहे.

पुढे रोग विल्डबीस्टच्या वासरांत दरवर्षी घुमत राहिला. १९६० च्या सुमारास नैरोबीजवळ मुगुगा इथल्या प्रयोगशाळेत वॉल्टर प्लाउराइट यांनी स्वस्त आणि खात्रीची लस बनवली. सेरेंगेटीच्या भोवतालच्या गुरांना ती टोचली. विल्डबीस्टला कुणी एक सुई लावली नाही! गुरांतला रोग गेला आणि दोन-तीन वर्षांत रानातलाही गेला, कारण तो येत होता गुरांकडून. १९६१ साली सेरेंगेटीत विल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते. १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले. आज आपण साडेतीन लाख घालून जो महासागर बघता, तो असा गुरांच्या लशीतून वर आला आहे. इतकी तोंडं गवत खाऊ लागली तेव्हा वणवे कमी झाले आणि उत्तरेच्या भागात झाडंही वाढली.

२०११ साली बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर मुळासकट गेलेला हा दुसराच रोग. तेव्हा आमच्या जुन्या दवाखान्यात आम्ही चौघांनी पेढे वाटले. कंपाउंडर विचारत होता, कुणाला मुलगा झाला.

आणखी एक. ताईंनी वार लोंबत असल्याचं लिहिलं आहे. विल्डबीस्टच्या वासरांच्या अंगात एक विषाणू असतो, त्यांना त्रास नाही, पण गुरांना झाला तर गुरं वाचत नाहीत. मसाईंना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते दोष त्या वारेला देतात, शास्त्र म्हणतं वासराच्या नाका-डोळ्यांच्या स्रावातून पसरतो. पण उपाय एकच: विणीच्या महिन्यांत सर्वात सकस गवत सोडून गुरं डोंगराकडे न्यायची. म्हणून आपल्याला त्या मैदानावर गुरं दिसली नसतील.

रानवाटा

अण्णा, दंडवत. आम्हाला गुरं खरंच त्या मैदानावर दिसली नाहीत, वर न्गोरोंगोरोच्या उतारावर दिसली, लाल शुका पांघरलेली पोरं काठी खांद्यावर आडवी टाकून त्यांच्यामागे. सासूबाईंचं माहेर माण तालुक्यातलं. त्या विल्डबीस्टच्या रांगा बघून म्हणाल्या होत्या, "मेंढरं निघाली गं कोकणात." पाऊस पडेल तिकडे चालायचं, एवढंच तर. मी तेव्हा हसले होते.

मुरमाड

इतका वेळ फक्त वाचत होतो. अण्णांनी दार उघडलंच आहे तर बोलतो, कुणाच्या सहलीवर विरजण घालायचा हेतू नाही.

ते रान 'मोकळं' फक्त बुळकांडीने झालेलं नाही. सेरेंगेटी नॅशनल पार्क झाल्यावर १९५९ साली तिथल्या मसाईंना हलवलं आणि न्गोरोंगोरोत राहायला दिलं, गुरांसकट राहता येईल असा शब्द देऊन. आता तिथूनही 'माणसं फार झाली' म्हणून सहाशे किलोमीटरवरच्या म्सोमेराला जा असं चाललंय. २०२२ च्या जूनमध्ये शेजारच्या लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटरची हद्द आखताना पोलिसांशी झटापट झाली, माणसं जखमी होऊन सीमा ओलांडून केनियात पळाली. ही जमीन चराईची होती, आणि त्या सरकारी हद्दीत पैसे भरून शिकार चालते. केनियात शिकारीला १९७७ पासून बंदी आहे, टांझानियात नाही. म्हणजे गाय चालणार नाही, बंदूक चालेल.

आपल्याकडेही वेगळं काय आहे? ताडोबातून नवेगाव, जामणी उठलीच ना. रानवाटाताईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

खडूस_काका

मुरमाड यांच्याशी सहमत, आणि मला सहमत व्हायची सवय नाही.

रानवाटा

@मुरमाड, विरजण नाही. जामणीच्या कुरणात आता वाघ दिसतो म्हणून आम्हीच खूश होऊन फोटो टाकतो. ते कुरण म्हणजे कुणाचं तरी भाताचं शेत होतं आणि बाबांच्या ओळखीचं एक कुटुंब तिथलं. काहींचं बरं झालं, रस्ता, शाळा, दवाखाना जवळ आला. काहींना अजून पहाटे मोह वेचायची आठवण येते. दोन्ही खरं.

म्झे स्वतः मसाई. मी त्यांना लोलिओंडोबद्दल विचारलं. त्यांनी गाडी थोडा वेळ नुसती चालवली. मग म्हणाले, "माझा धाकटा भाऊ तिकडे आहे. आणि माझ्या मुलांच्या फिया तुमच्यासारखे पाहुणे देतात." पुढे बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

नैरोबीकर

याची दुसरी बाजूही आहे, ती सांगून ठेवतो. माराच्या भोवती मसाईंच्या स्वतःच्या जमिनी एकत्र करून केलेली खासगी संरक्षित क्षेत्रं आहेत: नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी. जमिनीचा मालक मसाई, त्याला कॅम्पवाले दरमहा भाडं देतात, गाड्या मोजक्या, ठरवून दिलेल्या भागांत गुरंही चरतात. महाग पडतं. पण त्या त्रेसष्ट गाड्यांतून सुटका होते आणि पैसे कुठे जातात ते निदान समजतं. भाडं पुरतं का, कुणाला मिळतं, यावरून तिथेही भांडणं आहेतच. स्वर्ग नाही.

केनियातच अंबोसेलीकडे 'लायन गार्डियन्स' म्हणून काम २००७ पासून चालतं, ते मला आवडतं. पूर्वी मसाई तरुण सिंह मारून नाव कमवायचा. आता त्याच तरुणांना पगार देऊन सिंहांच्या मागावर ठेवतात. सिंह कुठे आहे ते गुराख्याला आधी सांगायचं, काट्यांचं कुंपण दुरुस्त करून द्यायचं, हरवलेली गाय शोधायची. सिंहाला नावंही तेच ठेवतात. जो नाव ठेवतो तो भाला मारत नाही, असं साधं गणित.

तिरफळ

वातावरण गंभीर झालंय, पण मी आईबाबांना घेऊन जायचं ठरवतेय. तयारीच्या टिपा द्या ना कुणीतरी.

रानवाटा

देते, आठवेल तसं.

पिवळ्या तापाची लस घ्या, जायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. दाखला जपून ठेवा, जन्मभर चालतो. तिकडे विचारोत न विचारोत, परत येताना नसेल तर इथे सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. वयस्कर माणसांना ही लस द्यायची की नाही ते डॉक्टरांना आधी विचारा. सासूबाईंच्या बाबतीत आमची बरीच धावपळ झाली.

निळे आणि काळे कपडे नकोत. त्सेत्से माशीला तेच रंग आवडतात, तिथे रानात निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले दिसतात. नवऱ्याने जीन्स घालायचा हट्ट केला. तारांगिरे पार्कात त्याला जीन्सवरून चावल्या.

प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. सासूबाईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट कॅरीबॅगांत बांधलं होतं. विमानतळावर सगळं बाहेर काढून पिशव्या काढून घेतल्या. मग त्यांनी एका जुन्या ओढणीत दशम्या बांधल्या आणि त्या अधिकारी बाईंना एक खायला दिली. बाईंनी खाल्ली. "चपाती न्झुरी", चांगली आहे म्हणाल्या.

दुर्बीण प्रत्येकाला वेगळी. यात काटकसर करू नका. कॅमेऱ्याची भली मोठी लेन्स नसली तरी चालेल. एका दुर्बिणीत तीन माणसं म्हणजे चित्तीण पळून झाल्यावर तिसऱ्याचा नंबर.

आणि न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखीच्या विवरात, तळाशी, जिराफ शोधत बसू नका. सहाशे मीटर खोल भिंती उतरून ते येत नाहीत. आम्ही अर्धा दिवस शोधले, म्झे गालात हसत होते.

अर्धवट

एक विचारायचं राहिलं. त्या चित्तिणीच्या पिल्लांचं पुढे काय झालं? मला काल रात्री झोपताना आठवलं.

रानवाटा

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच गेलो. ती नव्हती. वारुळावर एक गरुड बसला होता. संध्याकाळपर्यंत फिरलो, दुसरे चित्ते दिसले, दोन भाऊ, पण ती नाही. तिसऱ्या दिवशी आम्हाला निघायचं होतं.

परवा म्झेंनी व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. शेपटीच्या टोकाच्या वळ्यांवरून तीच आहे म्हणतात. फोटोत गवत वाढलेलं आहे, पावसाळ्याचं, आणि पिल्लं दोन. मी लगेच मोबाइल बाजूला ठेवला.

सासूबाईंनी तो घेतला, चष्मा लावला, दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "तिसरं गवतात बसलं असेल. आईने बस म्हटलं की बसतात ती."